ओटीवरचा मेसोपोटेमिया

ये गं बाय, अशी जवळ ये. लांबून नुसतं हो-हो करू नकोस. कागदावरून हाक मारतेय म्हणून काय झालं, हाक ती हाकच. परवा फोनवर काय म्हणालीस मला? "आजी, ते इजिप्तवाले, मेसोपोटेमियावाले कधीच मेले, त्यांच्या नद्यांची नावं मी का पाठ करायची?" मी तेव्हा हसले. तुझं बोलणंच तसं, हसू येतं. पण फोन ठेवला आणि जीव चरकला माझा. असं बोलू नये गं. सातवीतल्या पोरीने तर अजिबात बोलू नये. त्यातला एक देश आपल्या ओटीवर राहून गेलाय, चांगला आठवडाभर. तुझी आई तुला हे सांगायची नाही. तू विचारलंस तर ती कुकर लावायला उठेल. म्हणून मी सांगते.

तुझी आई तेव्हा सहावीत होती. नव्वद साल उलटून गेलेलं. आपल्या वाडीत तेव्हा मागे केळी होत्या, राजेळी, आणि त्यांच्या पलीकडे पांगाऱ्यांवर चढवलेल्या पानवेली. खायची पानं गं, विड्याची. तुझे आजोबा सकाळी पानं खुडायचे आणि संध्याकाळी मी ओटीवर बसून ती निवडायची. मोठी वेगळी, कोवळी वेगळी, आणि एकावर एक रचून त्यांच्या कवळ्या बांधायच्या. हात चालू, कान मोकळे. म्हणून मी तुझ्या आईला सांगितलेलं, अभ्यास करायचा तो मोठ्याने, इथे माझ्यासमोर.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा लांब होती आणि पाठची भावंडं लहान होती, त्यामुळे माझं दप्तर चौथीलाच खुंटीला लागलं. खरं शिक्षण झालं ते तुझ्या आईच्या पुस्तकांवर. ती एक ओळ वाचायची, मी दोन प्रश्न विचारायची. ती वैतागायची.

"नाईल नदीला दरवर्षी पूर येई आणि लोक आनंदित होत," ती वाचायची.

"पूर आला म्हणून आनंद? डोकी फिरली होती का त्यांची?"

"आई, पुरात गाळ येतो. गाळाने पीक येतं. लिहिलंय पुढे, वाचू दे की."

"बरं वाच. आणि ते डोंगराएवढं बांधलं ते कशाला?"

"राजाला पुरायला."

"एका माणसाला पुरायला एवढी जागा? आणि आपल्या वाडीत चार भावांचे हिस्से!"

मग ती हसायची, मीही हसायची आणि तुझे आजोबा आतून ओरडायचे, "अभ्यास चाललाय की तमाशा?" पण तेही यायचे हो ओटीवर. खांबाला टेकून बसायचे, पाय लांब करून. त्यांना नकाशाचं वेड लागलं. पोरगी जगाचा नकाशा उघडायची आणि हे विचारायचे, "यात आपली वाडी कुठे?"

"बाबा, यात वसईसुद्धा नाही."

"मग कसला नकाशा!"

मग तिने त्यांच्यासाठी वेगळा काढला. पश्चिमेला समुद्र, खाली वसईची खाडी, वर वैतरणेचं मुख, उजवीकडे तुंगारेश्वराचा डोंगर आणि नायगाव-जूचंद्रकडे मिठागरांचे पांढरे चौकोन. मध्ये हिरव्या खडूने एक ठिपका, आपली वाडी. यांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तिन्ही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये आपण गोडे." किती खूश झाले होते! तो कागद त्यांनी भिंतीला लावला, गणपतीच्या तसबिरीखाली.

आता विहिरीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आपली विहीर तुझ्या आजोबांच्या आजोबांनी खणली. पाणी लागलं तेव्हा म्हणे रस्त्याने एक वाटसरू चालला होता, कोण कुठला माहीत नाही. म्हाताऱ्याने पहिली ओंजळ त्याला पाजली आणि मगच घरच्यांनी पाणी तोंडाला लावलं. तेव्हापासून घरचा नियम, पाण्याला आलेल्याला परत पाठवायचं नाही. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी विहीर दाखवली आणि हेच सांगितलं. दरवर्षी अक्षयतृतीयेला काठावर नारळ फोडताना घरचा कर्ता माणूस ते मोठ्याने बोलायचा, "येईल त्याला पाणी." एवढंच. तीच आमची पूजा.

स्टेशनच्या बाजूला तेव्हा बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या. कोकणातली, घाटावरची, मुंबईत चाळीत राहिलेली माणसं, नोकरीवाली, आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेऊन आलेली. फ्लॅट मिळाला, नळाला पाणी नाही. एका मे महिन्यात चार-पाच जण आपल्या ओटीवर आले. त्यात तुझ्या आईला इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या बाई होत्या. साताऱ्याकडच्या. शाळेत मोठ्या कडक, पण त्या दिवशी रुमालाने मान पुसत अंगणात उभ्या होत्या आणि बोलताना वर बघत नव्हत्या. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "काका, टँकर भरू द्याल का? लहान मुलं आहेत हो."

तुझे आजोबा कसे नाही म्हणणार? सांग ना, कसे म्हणणार? पाण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पंपाच्या विजेपुरते घेतले. तुझी आई तर वर्गात ताठ मानेने सांगत सुटली, "बाई आमच्या विहिरीचं पाणी पितात!"

तो एक टँकर होता. मग एकाचं ऐकून दुसऱ्या बिल्डिंगचा आला, मग तिसऱ्या. येईल त्याला पाणी. म्हाताऱ्याने शब्द दिला तेव्हा माणसं कळशी घेऊन यायची, फार तर बैलगाडीत पिंप. आता एक पाइप आत सुटायचा आणि दिवसभर पंप धडधडत राहायचा. शेजारच्या वाड्यांत बोअर पडले, तिथेही तेच. फाल्गुनात मी पहिल्यांदा आपल्या विहिरीचा तळ बघितला. मला बघवलं नाही, मी पदर डोळ्यांवर घेतला, जसं कुणाचं उघडं अंग दिसलं तर घेतो तसा.

जूचंद्रची एक म्हातारी आपल्याकडे मीठ आणि सुकट विकायला यायची. पाटी उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायची, मग बोलायची. एक दिवस घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाय, पानी खारा झाला गो तुजा! मी मीठ विकतंय, नि तू फुकट वाटतंस? माझा धंदा बसवशील." आम्ही हसलो. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या जिभेलाच मीठ चिकटलंय." आम्ही रोज तेच पाणी पीत होतो ना. रोजच्या पाण्याची चव कळत नाही गं.

त्या वर्षी शाळेत प्रदर्शन होतं. बाईंनी प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला. तुझ्या आईच्या वाट्याला मेसोपोटेमिया आला. कागदावर नको, मातीचा करून आणा म्हणाल्या, उंच-सखल दिसेल असा. मग काय, घरात उत्सव. तुझ्या आजोबांनी जुन्या पाटाची फळी दिली. वाडीतली चाळलेली माती आणली, विहिरीच्या पाण्यात मळली. वर डोंगर केले, खाली समुद्र, मधून दोन नद्या बोटाने ओढल्या. त्यांची नावं मला अजून येतात बघ, युफ्रेटिस आणि टायग्रिस. आजोबांनी नारळाच्या हिराचे बारके तुकडे टोचून खजुराची झाडं केली. मी कणकेसारख्या मातीच्या विटा पाडून देवळाच्या पायऱ्या रचल्या. "आई, एवढी मोठी पायरी? माणसं इतकी उंच होती का?" "मग देवाकडे जायचं म्हणजे पाय दुखायलाच पाहिजेत!" असं आमचं चाललेलं. ती फळी ओटीवर वाळत ठेवली. येणारा-जाणारा बघून जायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नद्यांच्या काठाने पांढरं दिसायला लागलं. पीठ भुरभुरल्यासारखं. पोरगी माझ्यावर चिडली, "आई, तू वर रांगोळी सांडलीस." मी कशाला सांडू? तिने ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा जास्त. आता नद्यांच्या मधल्या सपाटीवरही आलं. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मीठ होतं.

 ती शाळेत न्यायची घाई करत होती. मला वाटलं, प्रदर्शन होऊ दे, मग बघू.

त्या दिवशी काय झालं ते तिने मला नंतर तुटक-तुटक सांगितलं. बाईंनी फळी बघितली आणि विचारलं, "नदीकाठी चुना का लावलास?" ही म्हणाली, "लावला नाही बाई, आपोआप येतोय. पुसला तरी येतो."  त्यांनीही चाखून बघितलं. मग त्यांनी सगळ्या वर्गाला फळीभोवती गोळा केलं आणि पुस्तकात नव्हतं ते सांगितलं. त्या देशात खाली, दक्षिणेला, असंच झालं होतं. पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर आलं. आधी गहू यायचा बंद झाला. मग लोकांनी जव लावले, ते मीठ सोसतात म्हणून. मग जवही येईनात. मग माणसं भरलेली शहरं टाकून निघून गेली. "मी तुम्हाला तोंडी किती सांगितलं असतं तरी असं दाखवता आलं नसतं," बाई म्हणाल्या आणि तुझ्या आईच्या मेसोपोटेमियाला पहिला नंबर दिला.

पहिला नंबर! बक्षीस म्हणून मोठा, रंगीत नकाशासंग्रह. पोरगी ते छातीशी धरून घरी आली ती रडतच. बाई तिच्याबरोबर आल्या होत्या. मी पानं निवडत होते. तिने माझ्या हातातलं पान घेतलं आणि आजोबांसमोर धरलं. पानाच्या कडा करपल्या होत्या. आम्हाला तोवर वाटत होतं, उन्हाने.

बाई ओटीखालीच उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, गोडं फार उपसलं की खाडीचं खारं आत शिरतं. आमच्या सोसायटीचा टँकर उद्यापासून बंद करा."

आजोबा म्हणाले, "मग तुम्ही प्याल काय?"

"बघू काहीतरी."

"काय बघाल? मागच्या आठवड्यात तुमच्या जिन्यात दोन बाया बादलीवरून भांडल्या, मला माहीत आहे. तुम्ही नाही नेलंत तर शेजारच्या बोअरमधून कुणी दुसरा नेईल. खालचा झरा एकच आहे, बाई. आणि माझ्या आजाने शब्द दिलाय."

तेव्हा तुझी आई बोलली. "तुमच्या आजाने टँकर बघितला होता का? तो तहानलेल्या माणसाला म्हणाला होता, बिल्डिंगला नाही!"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस."

"तुम्ही शिकला असतात तर कळलं असतं, बाबा. सगळं पुस्तकात लिहिलंय. तुम्हीच खारं केलंत."

बाई होत्या समोर. मी होते. आजोबा उठले, चप्पल घालून वाडीत गेले. ती अकरा-बारा वर्षांची पोर, तिला काय कळतं, काय बोलावं ते? आणि खोटं तरी काय बोलली? म्हणूनच ते लागलं. खोटं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

त्यानंतर ते आजूबाजूच्या वाडीवाल्यांकडे जाऊन आले. सगळ्यांनी मिळून टँकर बंद करू या म्हणून सांगून बघितलं. लोक म्हणाले, "तुला आता आठवण झाली? सुरुवात कुणाकडून झाली?" आणखी एक उन्हाळा गेला. मग एका सकाळी त्यांनी पंपाची वायर स्वतःच्या हाताने काढली. टँकरवाला फाटकात हॉर्न वाजवत राहिला आणि हे आत पाठ करून बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला पाण्यावाचून परत पाठवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पण पाणी काही मागे फिरलं नाही. पाऊस पडला की वरवर गोडं व्हायचं, दिवाळीपर्यंत पुन्हा खारं. आधी पानवेली गेल्या. खालून पिवळ्या पडत वर सुकत गेल्या, मग पांगारे नुसतेच उभे राहिले, कपडे वाळत घालायच्या काठ्यांसारखे. केळी खुरटल्या. आजोबा वालीवला एका कंपनीच्या गेटवर रखवालदार म्हणून जायला लागले. मातीत बसून काम केलेला माणूस, त्याला बूट चावायचे.

आणि ओटीवरचं वाचन बंद झालं. कुणी बंद केलं असं नाही. आजोबा खांबाशी बसेनासे झाले आणि तुझी आई आतल्या खोलीत मनात वाचायला लागली. पुढे तिने कॉमर्स घेतलं. बाईंनी किती समजावलं, तुझा भूगोल इतका चांगला, पुढे शिक्षिका हो. ती म्हणाली, नको. बक्षिसाचा तो नकाशासंग्रह तिने कुणाला तरी देऊन टाकला. मी मात्र तिची जुनी पुस्तकं दुपारी काढून वाचायची, ओठ हलवत. पण कुणाशी भांडायचं त्या वाचण्यावरून? मला ते गोड लागेना.

बाप-लेकीत भांडण नव्हतं हो. बोलायची दोघं. भात वाढू का, पाऊस येईल का, फी भरली का. एवढंच.

मग तुझ्या आईचं लग्न ठरलं. तोवर दोन हजार साल मागे पडलं होतं. आपल्यात लग्नाच्या दिवशी नवरीला न्हाऊ घालायचं पाणी स्वतःच्या विहिरीवरून आणतात. सवाष्णी कळशा घेऊन जातात, पुढे वाजंत्री, गाणी म्हणत. दुसऱ्याचं पाणी चालत नाही. बाया आधीपासून कुजबुजत होत्या, त्या पाण्याने केसाला साबणाचा फेससुद्धा यायचा नाही, नवरीचं डोकं राठ दिसेल. मी म्हटलं, असो, आपलं ते आपलं.

लग्नाच्या दिवशी उजाडताच फाटकात टँकर आला. मला वाटलं पाहुण्यांसाठी. आजोबा पुढे झाले आणि ड्रायव्हरला विहीर दाखवली.

"काका, टाकी किधर है?" तो विचारतोय.

"टाकी नाही. विहिरीत सोड."

"विहिरीत? अरे काका, लोग विहिरीतून भरतात, तुम्ही विहिरीत भरता?" तो हसायला लागला. मग त्याने आजोबांचं तोंड बघितलं आणि गप पाइप ओढला.

पाइप आत सोडला. तसाच पाइप, तशीच गाडी. फक्त पाणी उलटं चाललं होतं. कुठल्या गावच्या विहिरीतून उपसून आणलं होतं देव जाणे. तुझी आई हळदीच्या अंगाने मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, आत हो, नजर लागेल. ती हलली नाही. आजोबांनी तिला बघितलं आणि हात झाडत म्हणाले, "कळशीभर तरी गोडं मिळू दे. वरवरचंच काढायला सांग बायकांना, खाली जाऊ देऊ नका दोरी."

तुझी आई काहीतरी बोलायला गेली. तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली. बाया कळशा घेऊन आल्या, गाणं लागलं, आणि ते राहून गेलं. मी तिला त्याच पाण्याने न्हाऊ घातलं. साबणाला फेस आला होता, छान आला होता. ती इतकी रडली की बाया म्हणाल्या, माहेर सुटतंय म्हणून.

आजोबा गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, तू रांगत होतीस. तुझी आई येते, सणाला येते, मला साडी आणते, औषधं आणते. पण मागच्या दाराला जात नाही. ओटीवरच चहा पिते आणि निघते. मला म्हणते, "तूच ये पुण्याला, इथे काय राहिलंय?" काय राहिलंय ते मी तिला दाखवू कशी?

आता नळ आलाय घरात. पांगारे गेले, केळी गेल्या, त्या बाजूला तुझ्या आईच्या चुलत्यांच्या हिश्शात चार मजले उभे आहेत. पुतणे चांगले आहेत, वाईट नाहीत. ते म्हणतात, "काकी, त्या विहिरीचा उपयोग काय? पोरंबाळं पडतील. बुजवून टाकू, गाड्या उभ्या करायला जागा होईल." माझ्या होकारासाठी थांबलेत. मी म्हटलं, लेकीला विचारल्याशिवाय सांगणार नाही. फोन केला तर ती म्हणते, "तुला हवं ते कर, आई." हे काय उत्तर झालं?

माझ्या एकटीने होत नाही गं हे. बुजवा म्हणायला जीभ उचलत नाही, आणि ठेवा म्हणायला कारण सापडत नाही. तिने एकदा काठाशी उभं राहावं. त्या सकाळी जे बोलायचं राहिलं ते त्यांच्या माघारी का होईना, तिथे बोलून टाकावं. मग ती म्हणेल तसं. बुजवू म्हणाली तरी मी हूं म्हणेन.

मी बोलावलं तर ती येत नाही. तू हट्ट केलास तर येईल, तुझ्या हट्टापुढे तिचं चालत नाही हे मला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या आत पुतण्यांना उत्तर द्यायचंय. परीक्षेचे पेपर संपले की पिशवी भर आणि तिला घेऊन निघ. मागच्या दाराची कडी मी काढून ठेवते. लवकर ये गं.